धुळीतली शिरगणती

रात्री अकरा वाजता एखाद्या हाउसिंग सोसायटीसमोर उभं राहून "इथे किती घरं जागी आहेत?" हे सांगायचं असेल तर काय कराल? उजेड असलेल्या खिडक्या मोजाल. सोपं आहे. आता समजा निम्म्या लोकांनी खिडक्यांना जाड काळे पडदे लावलेत. आत लग्नघराची धांदल चालू आहे, पण बाहेरून मिट्ट काळोख. तुमची मोजणी चुकणार, आणि चुकली हे तुम्हाला कळणारही नाही. कळेल तेव्हाच, जेव्हा कोणीतरी सोसायटीचं विजेचं बिल आणून तुमच्या हातात ठेवेल.

खगोलशास्त्राचं अगदी हेच झालं. वर्षानुवर्षं ताऱ्यांच्या उजेडावरून दीर्घिका मोजल्या गेल्या, त्यावरून विश्वाचा इतिहास लिहिला गेला, आणि मग १९९० च्या दशकात बिल आलं. ते जवळजवळ दुप्पट निघालं. त्यानंतरची सुमारे तीस वर्षं काही माणसं ही 'पडद्यामागची' घरं मोजतायत. गेले काही शनिवार-रविवार मी याच मोजणीचा इतिहास वाचत होतो. दुर्बिणी आणि उपग्रह त्यात आहेतच, पण मला जास्त भावली ती एक साधी भानगड: 'एक' म्हणजे नेमकं काय, हेच ठरत नसेल तर मोजायचं कसं?

आधी पडद्याबद्दल. नवीन तारे वायू आणि धुळीच्या ढगांत जन्मतात. ही धूळ म्हणजे आपल्या कपाटावरची नव्हे. सिलिका आणि कार्बनचे सिगरेटच्या धुरातल्या कणांएवढे बारीक कण. तरुण, तापलेल्या ताऱ्यांचा निळा-जांभळा प्रकाश हे कण गिळून टाकतात. पण ऊर्जा गिळून नाहीशी होत नाही. कण थोडेसे तापतात, थोडेसे म्हणजे उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि तीच ऊर्जा दूर-अवरक्त किरणांत परत फेकतात. तवा लाल व्हायच्या आधी हाताला धग लागते ना, ते अवरक्त. धुळीची धग त्याहून कितीतरी थंड असल्यामुळे तिची तरंगलांबी सुमारे १०० मायक्रॉन असते, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या दोनशेपट. दीर्घिका फार लांबची असेल तर विश्वाच्या प्रसरणामुळे ही लांबी अजून ताणली जाते आणि आपल्यापर्यंत येईतो ३००-४०० मायक्रॉन होते.

आता अडचण अशी की हा प्रकाश आपल्या हवेतली वाफ शोषून टाकते. शिवाय दुर्बीण स्वतःच गरम असते, म्हणजे ती स्वतःच याच लांबीत झगमगते. दिवसाढवळ्या पेटलेल्या दुर्बिणीतून तारे बघण्यासारखं ते. म्हणून उपाय एकच: वर जा, आणि थंड व्हा.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटनने मिळून 'आयरास' नावाचा उपग्रह सोडला. फक्त ५७ सेंटिमीटरची दुर्बीण, द्रवरूप हेलियममध्ये बुडवून थंड केलेली. हेलियम संपेपर्यंतचं आयुष्य दहा महिने. तेवढ्यात त्याने ९६ टक्के आकाश १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनमध्ये झाडून काढलं. त्यात हजारो दीर्घिका सापडल्या, आणि काही फारच विचित्र होत्या. आर्प २२० नावाची एक दीर्घिका आहे, सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर. साध्या फोटोत ती एक विस्कटलेला पुंजका दिसते. आयरासला ती जळती भट्टी दिसली; तिची जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्तात बाहेर पडते. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्यायत आणि त्या गोंधळात तारे धडाधड जन्मतायत, सगळं धुळीच्या पडद्याआड.

पण विचित्र नमुने जमवणं वेगळं आणि मोजणी वेगळी. मोजणीचं एक सुंदर सोपं गणित आहे. समजा दीर्घिका अवकाशात सगळीकडे सारख्याच विखुरलेल्या आहेत. एक-चतुर्थांश तेजाच्या वस्तूंपर्यंत पोचायचं तर दुप्पट लांब जावं लागतं. दुप्पट लांबीच्या गोलाचं घनफळ आठपट. म्हणजे तेजाची मर्यादा एक-चतुर्थांश केली की संख्या आठपट व्हायला हवी. बस्स. त्यापेक्षा जास्त निघाल्या तर अर्थ असा की लांबवर, म्हणजे जुन्या काळात, अशा दीर्घिका जास्त होत्या किंवा जास्त तेजस्वी होत्या. कुठल्याही दीर्घिकेचं अंतर न मोजता, केवळ डोकी मोजून, विश्व काळाबरोबर बदललं का हे कळतं. (मला असली स्वस्तात मस्त गणितं फार आवडतात.) १९८७ साली पेरी हॅकिंग आणि जेम्स हाउक यांनी आयरासने वारंवार पाहिलेल्या एका छोट्या तुकड्यातल्या मंद दीर्घिका ६० मायक्रॉनमध्ये मोजल्या. अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. पहिली कुणकुण ती.

बिल आलं त्यानंतर. १९८९ च्या नोव्हेंबरात सोडलेला 'कोबी' उपग्रह महास्फोटाच्या उरलेल्या प्रारणाच्या मोजमापासाठी प्रसिद्ध आहे, पण त्यावरच्या उपकरणांनी दूर-अवरक्तातलं एकूण आकाशही मोजलं होतं. त्यातून आपल्या सूर्यमालेतल्या धुळीची धग वजा करा, आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची वजा करा, आणि शेवटी काही उरतं का बघा. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या ज्याँ-लू प्यूजे आणि सहकाऱ्यांनी हे केलं. ते कोबीच्या टीममधले नव्हते! सगळ्यांसाठी खुला केलेला डेटा उचलला, वजाबाकी केली, आणि उरलेली मंद धग जाहीर केली. १९९८ मध्ये खुद्द कोबीच्या टीमनेही तिला दुजोरा दिला. आकाशात सगळीकडून सारखी येणारी ही पार्श्वभूमी म्हणजे आजवरच्या सगळ्या धुळकट दीर्घिकांची बेरीज. आणि ही बेरीज सगळ्या दीर्घिकांच्या साध्या प्रकाशाच्या बेरजेच्या जवळपास बरोबरीची निघाली.

म्हणजे विश्वात आजवर ताऱ्यांनी जेवढा उजेड पाडला, त्यातला जवळजवळ निम्मा धुळीने गिळून धग म्हणून बाहेर टाकलाय. केवळ खिडक्या मोजून लिहिलेल्या इतिहासातून निम्मी हकिकत गायब होती.

पण सोसायटीचं एकूण बिल हातात असणं आणि कोणत्या फ्लॅटने किती वीज खाल्ली हे कळणं यात फरक आहे. इथून खरी शिरगणती सुरू होते.

हवाईच्या मौना केआ पर्वतावर, ४,००० मीटरपेक्षा उंचावर, १५ मीटर व्यासाची जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बीण आहे. तिच्यावर एडिंबराला बनवलेला 'स्क्युबा' नावाचा कॅमेरा बसवला गेला. कॅमेरा म्हणजे किती पिक्सेल? ८५० मायक्रॉनसाठी सदतीस. मेगा वगैरे काही नाही, सदतीस. पण त्याआधी एकेका ठिपक्याने आकाश मोजावं लागायचं, त्यामानाने ही क्रांतीच होती. आणि ८५० मायक्रॉनला निसर्गाने एक सवलत दिलीय. एरवी वस्तू लांब गेली की मंद होते. इथे मात्र दीर्घिका जितकी लांब तितका तिच्या धगीचा सर्वांत तेजस्वी भाग ताणला जाऊन ८५० च्या जवळ सरकतो. अंतराने जेवढं हिरावलं तेवढं या सरकण्याने परत मिळतं. परिणाम असा की पाच अब्ज वर्षांपूर्वीची आणि बारा अब्ज वर्षांपूर्वीची एकसारखी दीर्घिका या लांबीत जवळपास सारखीच तेजस्वी दिसते. विश्वाच्या टोकापर्यंत मोजायचं असेल तर याहून चांगला सौदा नाही.

१९९७ मध्ये इयन स्मेल, रॉब आयव्हिसन आणि अँड्र्यू ब्लेन यांनी दीर्घिकांच्या दोन गुच्छांमागे स्क्युबा रोखून पहिली मोजणी छापली. पुढच्याच वर्षी डेव्हिड ह्यूज आणि सहकाऱ्यांनी स्क्युबा वळवला 'हबल डीप फील्ड'कडे. हे आकाशाचं तेच टिचभर तुकडं, जिथे १९९५ च्या डिसेंबरात हबल दुर्बीण दहा दिवस टक लावून बसली होती आणि सुमारे तीन हजार दीर्घिका दिसल्या होत्या. स्क्युबाला तिथे दिसले किती? पाच ठिपके. पण या पाचांच्या हिशेबाने, विश्व तरुण असतानाचा तारे जन्मण्याचा वेग हबलच्या फोटोवरून काढलेल्या वेगाच्या सुमारे पाचपट निघत होता. तीन हजार विरुद्ध पाच, आणि पाच भारी!

आता पुढचा साहजिक प्रश्न: हबलच्या तीन हजारांपैकी हे पाच कोण?

इथे गाडी अडकली. दुर्बिणीला किती बारीक दिसतं हे तिचा व्यास आणि तरंगलांबी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. ८५० मायक्रॉनला १५ मीटरची थाळीसुद्धा सुमारे १४ विकलांचा जाड ठिपका देते. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. हबलला एका विकलेच्या दहाव्या भागाएवढं दिसतं. म्हणजे स्क्युबाच्या एका ठिपक्याखाली हबलच्या डझनावारी दीर्घिका झाकल्या जातात. "याच परिसरात कोणीतरी आहे" एवढंच कळणार, बिऱ्हाड कोणतं ते नाही.

त्या पाचांतला सर्वांत तेजस्वी ठिपका, एचडीएफ ८५०.१, याचा पत्ता लागायला चौदा वर्षं गेली. २०१२ मध्ये फाबियान वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या वायूच्या रेषा पकडल्या आणि त्याचं अंतर ठरवलं: विश्व अवघं १.१ अब्ज वर्षांचं असतानाची दीर्घिका. हबलच्या तीन हजारांत ती नव्हतीच. आकाशातल्या त्या काळच्या सर्वांत खोल फोटोत तिच्या जागी काहीच नव्हतं. बाकीच्यांसाठी स्कॉट चॅपमन आणि मंडळींनी युक्ती काढली. तारे भराभर जन्मणाऱ्या दीर्घिका रेडिओतही बोलतात, आणि रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याला पत्ता अचूक कळतो. तो पत्ता घेऊन केक दुर्बिणीने एकेकीचा वर्णपट घेतला. २००५ पर्यंत ७३ दीर्घिकांची अंतरं हाती आली. बहुतेक सुमारे दहा-अकरा अब्ज वर्षांपूर्वीच्या. विश्वाची ऐन तारुण्यातली धांदल ती हीच.

पण जाड ठिपक्याचं दुखणं यापेक्षा खोल आहे. दोन दीर्घिका एकाच ठिपक्यात पडल्या तर त्या एकच, पण दुप्पट तेजस्वी दिसतात. अनेक मंद दीर्घिका मिळून एक खोटी दीर्घिका उभी राहू शकते. खगोलशास्त्रज्ञ याला सरळ 'कन्फ्यूजन' म्हणतात, आणि जास्त वेळ टक लावून ते जात नाही. वेबसाइटचे व्हिजिटर मोजणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. एका ऑफिसातले चारशे लोक एकाच आयपी अ‍ॅड्रेसमागून येतात आणि लॉगमध्ये एकच उत्साही भिडू दिसतो, जो म्हणे दिवसात चार हजार पानं वाचतो. लॉग दुप्पट दिवस ठेवला तर तो आठ हजार वाचेल, एवढंच. :)

आणि हे दुखणं नवीनही नाही. यासाठी जरा मागे, केंब्रिजला जाऊ. १९५५ साली मार्टिन राइल यांच्या गटाने आकाशातल्या १,९३६ रेडिओ स्रोतांची 'टू-सी' ही यादी काढली आणि वर सांगितलेलं आठपटीचं गणित लावलं. मंद स्रोत प्रचंड जास्त निघाले. राइल म्हणाले, विश्व काळाबरोबर बदलतंय, तेव्हा फ्रेड हॉईल यांचा 'स्थिर स्थिती' सिद्धांत बाद. सिडनीच्या बर्नार्ड मिल्सनी आपल्या दुर्बिणीने तेच आकाश तपासलं, तर दोन याद्यांचा मेळच बसेना. राइलच्या यादीतले बरेचसे मंद 'स्रोत' एकमेकांत मिसळलेल्या स्रोतांची पिल्लं होती!

वाद मिटला नाही. राइल यांनी सुधारलेली मोजणी आणली, आणि १९६१ मध्ये हॉईल यांच्या बाजूने उत्तर लिहिण्यात त्यांचा एक अगदी तरुण विद्यार्थी होता: जयंत नारळीकर. होय, आपले नारळीकर, ज्यांच्या विज्ञानकथांवर आपण वाढलो आणि ज्यांनी पुढे पुण्यात आयुका उभी केली. दोघांचा मुद्दा असा की दीर्घिका मोठमोठ्या प्रदेशांत गुच्छांनी आणि पोकळ्यांनी विखुरलेल्या असतील, तर आठपटीचा नियम जागेवरून हलू शकतो. लगेच सिद्धांत बुडवायचं कारण नाही. पुढे मोजण्या सुधारल्या, १९६५ मध्ये महास्फोटाचं प्रारण सापडलं, आणि बहुतेकांनी विश्व बदलतं हे मान्य केलं. नारळीकर मात्र मे २०२५ मध्ये जाईपर्यंत महास्फोटाला अवघड प्रश्न विचारत राहिले. निकालात ते हरलेल्या बाजूला होते. पण "तुमच्या आकड्यात विश्व किती आणि तुमची मोजायची पद्धत किती?" हा त्यांच्या बाजूचा प्रश्न रास्त होता, आणि धुळीच्या दीर्घिकांच्या गोष्टीत तो परत परत डोकं वर काढतो.

त्याच भांडणात एक तिसरा माणूस होता, पीटर शॉयर, राइल यांचाच विद्यार्थी. १९५७ मध्ये त्याने डोकेबाज कल्पना मांडली: स्रोत एकेक करून मोजूच नका. नोंदींतले चढउतार बघा. कमी तेजस्वी स्रोत किती आणि जास्त तेजस्वी किती, यावर त्या चढउतारांचा आकार ठरतो. तेव्हा निरनिराळे आकडे गृहीत धरून कोणत्या आकड्यांतून हुबेहूब असा खडबडीतपणा येतो ते शोधा. गर्दीतली डोकी मोजता येत नसतील तर गलक्यावरून गर्दी ओळखा. या पद्धतीने आलेलं उत्तर राइलच्या यादीइतकं भडक नव्हतं, तरी आठपटीपेक्षा जास्तच होतं. पुढच्या अनेक मोजण्यांनी तेच बरोबर ठरवलं. पण त्या वेळी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. गणित अवघड होतं, आणि त्या नोंदींवरचा विश्वास उडाला होता.

शॉयरची ती युक्ती पन्नास वर्षांनी अंटार्क्टिकात कामाला आली. डिसेंबर २००६ मध्ये मार्क डेव्हलिन आणि सहकाऱ्यांनी 'ब्लास्ट' नावाची १.८ मीटरची दुर्बीण फुग्याला बांधून मॅकमर्डो तळावरून सोडली. अकरा दिवस ती २५०, ३५० आणि ५०० मायक्रॉनमध्ये आकाश न्याहाळत फिरली. उतरताना मात्र पॅराशूट सुटलंच नाही. वाऱ्याने त्या पॅराशूटसकट अख्खी दुर्बीण बर्फावरून सुमारे दोनशे किलोमीटर फरफटत नेली. दुर्बिणीचा चुराडा झाला. हार्ड डिस्क असलेला डबा मात्र बर्फात सापडला! (बॅकअपचं महत्त्व पटवणारी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.) त्या डिस्कवरच्या नकाशांवर शॉयरची पद्धत चालवली गेली. दुसरी एक युक्तीही जोडीला होती: स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने २४ मायक्रॉनमध्ये अचूक पत्ते दिलेल्या दीर्घिका घ्यायच्या, ब्लास्टच्या नकाशातून त्या त्या पत्त्यावरचे चौकोन कापायचे, आणि सगळे एकावर एक ठेवून सरासरी काढायची. एकेकटी कोणी दिसत नाही, पण हजारोंची मिळून दिसते. २००९ मध्ये निकाल आला: दूर-अवरक्त पार्श्वभूमीचा निम्म्याहून जास्त भाग साडेआठ अब्ज वर्षांहून जुन्या दीर्घिकांचा आहे. बिलाची फोड होऊ लागली.

त्याच वर्षी १४ मे रोजी युरोपची 'हर्शेल' दुर्बीण निघाली. नाव विल्यम हर्शेलचं, ज्याने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काही दिसत नाही तिथे, पारा चढताना पाहिला. आरसा ३.५ मीटरचा, तोवर अवकाशात गेलेला सर्वांत मोठा. २९ एप्रिल २०१३ ला हेलियम संपेपर्यंत ती चालली. 'हर्मीस' या सर्वेक्षणाने खोल पाहिलं, 'एच-अ‍ॅटलस'ने रुंद; सुमारे ६६० चौरस अंश. ठिपक्यांची संख्या शेकड्यांवरून लाखांवर गेली.

पण ५०० मायक्रॉनला हर्शेलचाही ठिपका ३६ विकलांचा! हर्मीसच्या २०१० च्या आकड्यांकडे बघा. स्वतंत्र ठिपका म्हणून ज्यांच्यावर बोट ठेवता येतं अशा स्रोतांनी पार्श्वभूमीचा किती वाटा समजतो? २५० मायक्रॉनला १५ टक्के, ३५० ला १०, ५०० ला ६. तोच नकाशा शॉयरच्या पद्धतीने वाचला तर ६४, ६० आणि ४३ टक्के. डेटा तोच, फक्त 'एकेक मोजायचं' हा हट्ट सोडला.

आणि वरच्या टोकाला, सर्वांत तेजस्वी ठिपक्यांत, वेगळीच गंमत. एच-अ‍ॅटलसच्या पहिल्या सुमारे १४ चौरस अंशांतल्या ५०० मायक्रॉनच्या सर्वांत तेजस्वी स्रोतांतून जवळच्या ओळखीच्या दीर्घिका आणि एक ब्लेझार वगळल्यावर पाच उरले. मात्तिया नेग्रेल्लो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की पाचच्या पाच भिंगाखाली आहेत. म्हणजे मध्ये एखादी दुसरी दीर्घिका आलीय आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकून कितीतरी पट वाढलाय. हे भाकीत आधीच केलेलं होतं, त्यामुळे आनंदीआनंद झाला. पण गणनेच्या दृष्टीने बघा: ठिपका तेजस्वी दिसतो, याची कारणं तीन. खरंच तेजस्वी, किंवा दोघीतिघींची बेरीज, किंवा भिंग. लक्षण एक, रोग तीन. नुसत्या लॉगवरून बगचं कारण ठरवणाऱ्यांनी हे फ्रेम करून लावावं.

याचे परिणाम केवळ यादीपुरते नव्हते. स्क्युबाचे आकडे सिद्धांतवाल्यांना झोपू देत नव्हते. संगणकावर विश्व वाढवणाऱ्या मॉडेल्समध्ये एवढ्या तेजस्वी धुळकट दीर्घिका इतक्या संख्येने बनतच नव्हत्या. २००५ मध्ये डरहॅमच्या कार्लटन बॉ आणि सहकाऱ्यांनी एक तोडगा मांडला: अशा धुमश्चक्रीत तारे जन्मताना जड ताऱ्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा खूप जास्त असतं असं धरा, मग आकडे जुळतात. म्हणजे आकाशातली मोजणी जुळवण्यासाठी तारे जन्मण्याच्या नियमालाच हात घालावा लागत होता. एवढी मोठी किंमत मोजायची तर आकडा पक्का हवा ना?

आकडा पक्का करण्याचं साधन आलं चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५,००० मीटरवर: 'अल्मा', ६६ थाळ्यांचं जाळं. अनेक थाळ्या एकत्र जोडल्या की त्यांच्यामधल्या अंतराएवढ्या एका राक्षसी दुर्बिणीसारखं बारीक दिसतं. त्याआधी जवळच्याच एका १२ मीटरच्या थाळीने दक्षिणेकडच्या एका तुकड्यात १२६ ठिपके नोंदवले होते. अल्माने ते एकेक करून तपासले. प्रत्येकाला लागली केवळ दोनेक मिनिटं. २०१३ मध्ये जॅकलिन हॉज, अलेक्झांडर करीम आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला: किमान ३५ टक्के, कदाचित निम्मे ठिपके हे एकाहून जास्त दीर्घिका आहेत. आणि सर्वांत तेजस्वी जे होते ते तर सगळेच्या सगळे फुटले. वर्षाला हजार सूर्यांएवढे तारे घडवण्यापलीकडे दीर्घिका फारशा जात नसाव्यात, अशी मर्यादा त्यातून सुचवली गेली. (आपल्या आकाशगंगेत हा आकडा एक-दोन सूर्य इतकाच आहे.) सिद्धांताचं सगळं कोडं यामुळे सुटलं असं नाही, धुळकट दीर्घिका भरपूर आहेत हे कायमच राहिलं. पण कोड्याचं सर्वांत टोकदार टोक बोथट झालं, आणि ते विश्वाने टोकदार केलेलं नव्हतंच. ते ठिपक्याच्या जाडीने केलेलं होतं.

२०१३ मध्येच हर्मीसच्या नकाशातून एचएफएलएस-३ नावाची दीर्घिका जाहीर झाली. विश्व ९० कोटी वर्षांचंही नसताना वर्षाला सुमारे २,९०० सूर्यांएवढे तारे घडवणारी. मोठा गाजावाजा झाला. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने तिथे पाहिलं आणि २०२४ मध्ये कळलं की ती एकटी नाही. त्या चिमुकल्या जागेत दीर्घिकांचा अख्खा घोळका आहे, आणि मध्ये जवळच्या दीर्घिकाही आल्यायत. बेरीज आणि भिंग, दोन्ही एकाच पत्त्यावर.

हे सगळं वाचल्यावर "मग आधीच्यांचं चुकलंच की" असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. स्क्युबाच्या पाच ठिपक्यांनी जे मुख्य सांगितलं, की तारुण्यातल्या विश्वात तारे आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी वेगाने आणि धुळीआड जन्मत होते, ते टिकलं. टिकलं याचं कारण त्याच्या पाठीशी वेगळ्या मार्गाने आलेली एकूण बेरीज होती. कोबीच्या बिलात फ्लॅट कुठला हे नव्हतं, पण एकूण आकडा होता. मिसळलेले ठिपके फोडले तरी बेरीज बदलत नाही. कोसळले ते 'सर्वांत मोठा कोण' छापाचे दावे, जे एकेका ठिपक्याच्या एकटेपणावर उभे होते.

आपल्या धंद्यात रोज असले आकडे डॅशबोर्डवर झळकतात. युनिक युजर्स, अ‍ॅक्टिव्ह डिव्हाइस, एरर काउंट. त्यावर बजेट ठरतात, कधी माणसांच्या नोकऱ्याही ठरतात. आपल्यापैकी किती जण 'एक' म्हणजे काय हे विचारतात? यादीतला सर्वांत वरचा आकडा खरंच एकाचा आहे की अनेकांची बेरीज? आणि ती यादी ज्याच्याशी ताडून बघता येईल असं एकूण बिल आपल्याकडे आहे का? माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. बिल असेल तर ठिपके जाड असले तरी चालतं. शॉयरसारखं गलक्यावरूनही उत्तर काढता येतं.

आकाशाचं म्हणाल तर तिकडे हर्शेलनंतर दूर-अवरक्तात तेवढी मोठी अवकाश दुर्बीण गेलेली नाही. युरोप आणि जपानची 'स्पिका' २०२० मध्ये रद्द झाली. अमेरिकेने २०२४ मध्ये 'प्रिमा' नावाच्या प्रस्तावाला पुढच्या अभ्यासासाठी निवडलं, जोडीला क्ष-किरणांचा एक प्रतिस्पर्धी प्रस्ताव ठेवून. दरम्यान हर्शेलचे नकाशे सगळ्यांसाठी खुले आहेत, प्यूजेंनी उचलला तसा कोणीही उचलावा असे. पायथॉन येतं आणि शनिवार-रविवार मोकळा आहे अशांनी एकदा ते उघडून बघाच. काळ्या पटावर तांदूळ सांडल्यासारखे हजारो ठिपके दिसतील. मोजायला सुरुवात करा, आणि दहाव्या ठिपक्यापाशी स्वतःला विचारा: हा नक्की एकच आहे ना?